ब्रेकमध्ये जळणारं पेट्रोल चाकात साठवता येतं का? वाचकांचे प्रश्न

मंडळी, मागच्या अंकात गाडीच्या मायलेजवर लिहिताना मी एका ओळीत म्हटलं होतं की ब्रेक मारताना वाया जाणारी एनर्जी एका जड फिरत्या चाकात, म्हणजे फ्लायव्हीलमध्ये, साठवून परत वापरता येते. त्या एका ओळीवर इतके मेसेज आले की यावेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. सोलापूर शहरातून तर आलेच, पण मोहोळ, अक्कलकोट, बार्शीकडून पण आले. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि कुणाचं नाव छापलेलं नाही.

प्रश्न (रिक्षाचालक, सात रस्ता): सर, मी दिवसभर स्टेशन, पार्क चौक, सात रस्ता, आसरा असा फिरतो, दर दोन मिनटाला ब्रेक. ते फिरतं चाक रिक्षात बसवलं तर मायलेज किती वाढेल? आणि ते चालतं कसं नेमकं?

उत्तर: दादा, आधी ब्रेक मारल्यावर काय होतं ते बघू. रिक्षा पळत होती, तिला तेवढा वेग द्यायला इंजिननं पेट्रोल जाळलेलं होतं, आणि ब्रेकचे शू ड्रमवर घासले की ती सगळी मेहनत उष्णता होऊन हवेत जाते. दिवसभर फिरल्यावर ड्रमला हात लावला तर चटका बसतो, तो चटका तुमच्याच पेट्रोलचा आहे.

किती पेट्रोल ते पण काढता येतं. रिक्षा, तुम्ही आणि तीन पॅसेंजर मिळून ६०० किलो धरा. वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. निम्मं वजन गुणिले वेगाचा वर्ग केला की ३०,००० जूल (जूल हे एनर्जीचं माप) येतात, म्हणजे पळत्या रिक्षात तेवढी एनर्जी भरलेली असते. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३ कोटी २० लाख जूल असतात पण छोटं इंजिन त्यातला जेमतेम चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचवतं, बाकीचं सायलेन्सर आणि इंजिनच्या गरमीत जातं, म्हणजे हातात राहिले ८० लाख. आता भाग द्या. एकदा पूर्ण थांबून पुन्हा ३६ च्या स्पीडला जायला सुमारे ४ मिली पेट्रोल लागतं. चमचाभर वाटतं, पण असे २५० ब्रेक झाले की एक लिटर झालं.

फ्लायव्हीलचं काम एवढंच की हे जूल ड्रममध्ये जाळायच्या ऐवजी एक जड चाक फिरवायला वापरायचे, आणि सिग्नल सुटला की त्याच फिरत्या चाकाच्या जोरावर रिक्षा उचलायची, म्हणजे इंजिनला पहिला दणका बसत नाही.

आता यातली अडचण ऐका, कारण जो कुणी तुम्हाला "किट" विकायला येईल तो हीच गोष्ट सांगणार नाही. ब्रेक मारताना रिक्षा हळू होत जाते आणि त्याच वेळी फ्लायव्हील जोरात होत जायला पाहिजे. एकाचा वेग उतरतोय, दुसऱ्याचा चढतोय, मग दोघांना जोडायचं कसं? साधा गिअर लावला तर दोघं कायम एकाच प्रमाणात फिरणार, त्यामुळे गाडी हळू झाली की चाक पण हळू. क्लच घसरवून जोडलं तर एनर्जीचा मोठा हिस्सा क्लच प्लेटमध्येच जळतो, मग ड्रममध्ये जळला काय आणि प्लेटमध्ये जळला काय. म्हणून मधे असा गिअर लागतो ज्याचं प्रमाण अखंड बदलत राहील. ॲक्टिव्हासारख्या स्कूटरला बेल्ट आणि व्हेरिएटर असतो ना, त्याच जातीचा, पण कितीतरी मजबूत आणि कॉम्प्युटरनं कंट्रोल होणारा. दुसरा रस्ता म्हणजे चाकाला मोटर-जनरेटर लावायचा आणि विजेतून देवाणघेवाण करायची. दोन्ही महाग, दोन्हीला जागा लागते.

शिवाय सगळं परत मिळत नाही. वेग कमी होताना थोडी एनर्जी हवेत आणि टायरमध्ये जातेच, उरलेली चाकात जाऊन परत येताना तिचा पण तिसरा एक हिस्सा वाटेत जातो. म्हणजे सगळं छान जमलं तरी त्या ४ मिलीतले २ मिली वाचले समजा, आणि त्यासाठी रिक्षाच्या मागच्या बाजूला पन्नासेक किलोचं धूड बसवायचं, परमिटच्या गाडीत हात घालायचा, आरटीओचा प्रश्न वेगळाच. नाही परवडणार दादा. रिक्षाला हे काम इलेक्ट्रिक रिक्षातली मोटर करू शकते, ब्रेकच्या वेळी तीच मोटर जनरेटर होते आणि बॅटरीत थोडं परत टाकते, वेगळं चाक लागत नाही. तुमच्या आहे त्या रिक्षात फुकटात करण्यासारखं एकच आहे, पुढं सिग्नल लाल दिसला की लांबूनच ॲक्सिलेटर सोडायचा. न मारलेल्या ब्रेकचे पूर्ण ४ मिली वाचतात, अर्धे नाही.

प्रश्न (शिक्षक, अक्कलकोट): हे तंत्र नवीन आहे की जुनंच नव्या नावानं आलंय? रस्त्यावर खरोखर कुठं चाललंय का?

उत्तर: सर, खूप जुनं आहे, आणि याचा इतिहास मला फार आवडतो म्हणून जरा लांब लिहितोय.

एनर्जी साठवणारं चाक आपल्याकडं सगळीकडं आहे. सोलापूरची जुनी मिल १८७७ ची, त्या काळच्या सूतगिरण्या वाफेच्या इंजिनावर चालायच्या आणि त्या इंजिनाला पुरुषभर उंचीच्या वर जाणारी चाकं असायची, पिस्टनचे धक्के साच्यापर्यंत पोचू नयेत म्हणून. शेतातलं जुनं डिझेल इंजिन आठवा, लिव्हर उचलून हँडल मारायचं, चाकं भरली की लिव्हर सोडायचा आणि मग ते धाडधाड सुरू व्हायचं. हातानं भरलेली ती एनर्जी चाकातच साठलेली असायची. एमआयडीसीत पॉवर प्रेस बघा, मोटर लहान असते पण चाक मोठं, दोन स्ट्रोकच्या मधे मोटर चाक भरत राहते आणि पत्रा कापायच्या क्षणी चाक ते सगळं एका दणक्यात देऊन टाकतं.

पण नुसत्या चाकाच्या जोरावर बस चालवायचा प्रयोग केला तो स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीनं, १९४० च्या दशकात. बसचं नाव गायरोबस. ट्रॉलीबससाठी सगळ्या रस्त्यावर तारा टाकायला जिथं परवडत नाही तिथं ही बस चालवायची अशी कल्पना होती. बसमध्ये डिझेल इंजिन नाही, बॅटरी नाही. खाली मधोमध दीड टनाचं पोलादी चाक आडवं बसवलेलं, व्यास १.६ मीटर, मिनिटाला ३००० फेऱ्यांपर्यंत जाणारं, आणि हवेचं घर्षण कमी व्हावं म्हणून हायड्रोजन भरलेल्या बंद डब्यात. स्टॉपवर बस आली की टपावरचे तीन दांडे वर करून खांबावरच्या थ्री फेज लायनीला लावायचे, मोटरनं चाक भरायचं, अर्धा मिनिट ते तीन मिनिटं, आणि दांडे खाली घेऊन निघायचं. मग तीच मोटर जनरेटर व्हायची आणि तिच्या विजेवर बस साधारण ६ किलोमीटर जायची. १९५३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या यव्हेर्दोन आणि ग्रान्दसों या दोन गावांच्या मधे ती नियमित सुरू झाली. नंतर बेल्जियन काँगोतल्या लिओपोल्डव्हिलला, म्हणजे आजच्या किन्शासाला, १९५५ मध्ये आणि बेल्जियमच्या घेंटला १९५६ मध्ये. बेल्जियम आणि काँगोतली १९५९ ला थांबली, स्वित्झर्लंडमधली १९६० ला.

का थांबली? बेअरिंगवर फार ताण यायचा, बस उभी असली तरी चाक फिरतं ठेवायला वीज जायची, आणि ते दीड टन ओझं प्रत्येक स्टॉपला उचलून न्यायला लागायचं. एक आकडा सांगतो, त्यावरून सगळं कळेल. ते दीड टनाचं चाक पूर्ण वेगात असताना त्यात सुमारे ९ युनिट वीज साठायची. एक लिटर डिझेलमध्ये १० युनिट असतात. दीड टन पोलाद विरुद्ध एक लिटर डिझेल! आता इंजिन त्या दहातले तीन-साडेतीनच कामाला लावतं आणि फ्लायव्हील बहुतेक सगळे लावतं हे धरलं तरी ते चाक म्हणजे अडीच-तीन लिटरची टाकी झाली. टाकी म्हणून फ्लायव्हील कधीच परवडणार नाही, हे तेव्हाच कळलं.

मग पुढच्या लोकांनी ते टाकी म्हणून वापरायचं सोडलं आणि फक्त ब्रेकची एनर्जी अर्धा-एक मिनिट सांभाळायला वापरायला लागले, आणि इथं मात्र ते खरंच चांगलं आहे. कारण बॅटरीला एका दमात खूप करंट घ्यायला आवडत नाही, फ्लायव्हीलला काही वाटत नाही, पाच सेकंदात भरा, पाच सेकंदात रिकामं करा, लाखो वेळा करा. दुसरी गोष्ट, चाकाचं वजन दुप्पट केलं तर एनर्जी दुप्पट होते पण वेग दुप्पट केला तर चौपट होते. म्हणून दीड टन पोलादाच्या जागी काही किलोचं कार्बन फायबरचं चाक आलं आणि ३००० च्या जागी ६०,००० फेऱ्या. व्होल्वोनं २०१३ च्या सुमाराला एस६० गाडीच्या मागच्या ॲक्सलवर असं चाक बसवून टेस्ट केलं, वजन ६ किलो, व्यास २० सेंटीमीटर. हिशोब करून बघा, त्या वेगात चाकाची कड सेकंदाला ६०० मीटरच्या वर पळते, आवाजाच्या वेगाच्या जवळपास दुप्पट, म्हणून ते निर्वात डब्यात ठेवावं लागतं, नाहीतर हवेच्या घर्षणानंच तापून जाईल. कंपनीनं २५ टक्क्यांपर्यंत बचत सांगितली होती पण ती वाचताना एक गोष्ट बघा, तुलना तेवढाच जोर देणाऱ्या सहा सिलेंडरच्या टर्बो इंजिनाशी होती. म्हणजे लहान इंजिन अधिक फ्लायव्हील विरुद्ध मोठं इंजिन. आहे त्याच गाडीत चाक टाकलं आणि २५ टक्के वाचले, असा त्याचा अर्थ नाही.

रेसिंगमध्ये तर याचं नाव झालं. २०१२ मध्ये फ्रान्समधली ल माँची २४ तासांची रेस पहिल्यांदा हायब्रिड, म्हणजे इंजिनाला साठवलेल्या एनर्जीची जोड असलेल्या, गाडीनं जिंकली, ऑडीची आर१८ ई-ट्रॉन क्वाट्रो, आणि तिच्यात बॅटरी नव्हती तर विल्यम्स या फॉर्म्युला वन रेसिंग टीमच्या कंपनीनं बनवलेलं फ्लायव्हील होतं, ड्रायव्हरच्या शेजारी. २०१३ आणि २०१४ ला पण तीच जिंकली. २०१६ च्या गाडीत मात्र ऑडीनं लिथियम बॅटरी घेतली.

आणि आज चालू असलेलं पाहिजे असेल तर इंग्लंडमध्ये स्टौरब्रिजला सव्वा किलोमीटरची एक छोटी रेल्वे शाखा आहे, तिथं २००९ पासून एकच डब्याची हलकी गाडी धावते. गॅसवर चालणारं मोटारीचं छोटं इंजिन आणि खाली ५०० किलोचं फ्लायव्हील. स्टेशनात उभी असताना इंजिन निवांत चाक भरतं, ब्रेक मारला की तो पण चाकात. अंतर छोटं, थांबे ठरलेले, रस्ता रुळांचा, त्यामुळे तिथं ते बरोबर बसलं.

प्रश्न (ट्रकमालक, हैदराबाद रोड): माझ्या दोन गाड्या सोलापूर-हैदराबाद चालतात. फ्लायव्हील बसवून डिझेल वाचेल का?

उत्तर: नाही वाचणार मालक. हायवेला एकदा साठच्या स्पीडला लागली की ब्रेक किती वेळा लागतो? टोलनाका, एखादं गाव, संपलं. तुमचं डिझेल जातंय हवा कापायला आणि टायर दाबले जातात त्यात, आणि हवेत गेलेलं कुठल्याच चाकात परत येत नाही. उलट त्या चाकाचं वजन रोज वाहून न्याल. टायरची हवा, ताडपत्री नीट आवळलेली आणि स्पीडवर लगाम, तुमची बचत यात आहे. उसाच्या ट्रॉल्यांबद्दल पण दोघांनी विचारलंय, त्यांना पण हेच उत्तर.

प्रश्न (शेतकरी, मोहोळ तालुका): यूट्यूबला व्हिडिओ बघितला, एक एचपीची मोटर मोठं फ्लायव्हील फिरवते, त्यावर पाच केव्हीएचा अल्टरनेटर, त्याच्या विजेवर तीच मोटर पण चालते आणि वर शेतातला पंप पण. एक जण बसवून द्यायला तयार आहे, ॲडव्हान्स मागतोय. देऊ का?

उत्तर: काका, एक रुपया देऊ नका. आणि दिला असेल तर आजच परत मागा.

हा प्रश्न एकट्या तुमचा नाही, याच धर्तीचे बरेच मेसेज आलेत आणि वाचून वाईट वाटतं, कारण लोडशेडिंगनं आणि रात्रीच्या लायटीनं वैतागलेल्या माणसालाच हे लोक बरोबर गाठतात. फ्लायव्हील एनर्जी तयार करत नाही. त्यात जेवढं टाकाल त्यापेक्षा थोडं कमीच परत मिळतं, बेअरिंग आणि हवा आपला वाटा घेतल्याशिवाय सोडत नाहीत. एक एचपी आत जातंय तर बाहेर कायमचं एक एचपीपेक्षा कमीच येणार, चाक कितीही मोठं लावा.

मग व्हिडिओत बल्ब कसे पेटतात, पंप कसा चालतो? कारण चाक आधी लायटीवर भरून घेतलेलं असतं आणि व्हिडिओ छोटा असतो. आकड्यात बघा. १०० किलोचं, एक मीटर व्यासाचं भरीव चाक, मिनिटाला ६०० फेरे. यात साठते साधारण २५ किलोजूल. तीन एचपीचा पंप सेकंदाला सव्वादोन किलोजूल ओढतो. भागा, अकरा सेकंद. अकरा सेकंदात विहिरीतलं पाणी पाइपाच्या तोंडाशी पण धड येणार नाही. वेग वाढवला तर जास्त वेळ चालेल, पण मग दुसरी भीती आहे. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, चाकाची कड सेकंदाला साधारण ३० मीटरच्या वर पळू देऊ नये असा कारखान्यातला जुना नियम आहे, आणि एक मीटरचं चाक ६०० फेऱ्यांलाच तिथं पोचतं. त्याच्या वर नेलं आणि बिडात एखादा पोकळ डाग असला तर चाक फुटतं, तुकडे भिंत फोडून जातात. शेडमध्ये पोरं खेळत असतात काका.

त्या माणसाला एकच सांगा, माझ्यासमोर मेन लायनीची वायर काढ, पंप जोड आणि सलग अर्धा तास चालवून दाखव, मग पैसे. तो पुन्हा येणार नाही. पंपासाठी खर्च करायचाच असेल तर सोलर पंपाच्या सरकारी योजना आहेत, 'मागेल त्याला सौर कृषिपंप' त्यातलीच, तिकडं अर्ज करा. उन्हाचा आपल्याकडं तुटवडा नाही.

प्रश्न (बुलेटवाला, विजापूर रोड): मेकॅनिक म्हणतो इंजिनमधलं फ्लायव्हील लेथवर घासून हलकं केलं की पिकअप वाढेल आणि मायलेज पण. खरं का?

उत्तर: पिकअप थोडा वाढेल, मायलेजचं विसरा. एका सिलेंडरच्या फोर स्ट्रोक इंजिनमध्ये दोन फेऱ्यांत एकदाच धमाका होतो, उरलेल्या दीड फेरीत पिस्टनला ओढून नेतं ते हेच चाक. सरळ एका स्पीडला चालवताना चाक जड की हलकं यानं पेट्रोलमध्ये काही फरक पडत नाही, कारण एकदा फिरायला लागलं की ते काही खात नाही. गर्दीत सतत रेस वर-खाली केली तर हलक्या चाकाला किंचित कमी लागेल, पण आयडलिंग बिघडेल, स्लो स्पीडला बंद पडेल आणि मग तुम्ही आयडल वाढवून घ्याल, त्यात वाचलेलं सगळं जाईल. घासताना बॅलन्स गेला तर क्रँकचं बेअरिंग पण जाईल. हात लावू नका.

प्रश्न (नोकरदार वाचक, जुळे सोलापूर): मी रोज बसनं जाते. आपल्या सिटी बसला किंवा तुळजापूरला जाणाऱ्या एसटीला हे चाक लावलं तर? आणि बस वळताना ते चाक बस उलटवणार नाही ना, शिवाय फुटलं तर काय?

उत्तर: ताई, बरोबर जागी बोट ठेवलंत. फ्लायव्हीलसाठी सिटी बससारखी दुसरी गाडी नाही. वजन भरपूर, वेग मध्यम, आणि दर चारशे-पाचशे मीटरला थांबा. भरलेली बस १५ टनांची, वेग ताशी ४० धरला तर एका थांब्याला नऊ लाखांच्या वर जूल ब्रेकमध्ये जातात, डिझेलमध्ये मोजलं तर सुमारे ७० मिली. त्यातलं निम्मं परत मिळालं तरी प्रत्येक थांब्याला ३५ मिली वाचतात, आणि बस दिवसात थांबे किती घेते ते तुम्ही रोज बघताच. शिवाय ब्रेक लायनर जास्त टिकतात, थांब्यावरून निघताना काळा धूर कमी निघतो, आणि स्टॉपवर उभ्या माणसाला तो धूर खायला लागत नाही, हे मला डिझेलच्या पैशाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

ब्रिटनमधल्या गो-अहेड या बस कंपनीच्या गाड्यांसाठी २०१४ मध्ये जीकेएन कंपनीनं ५०० फ्लायव्हील पुरवायचा करार केला होता, चाक तेच विल्यम्सच्या रेसिंगमधून आलेलं, बचतीचा दावा २० टक्क्यांच्या वरचा. म्हणजे कल्पना कागदावरची नाही. पण त्यानंतरच्या वर्षांत बॅटरी इतकी स्वस्त झाली आणि इलेक्ट्रिक बस इतक्या वेगानं आल्या की डिझेल बसला महाग चाक लावण्यात कुणाला रस उरला नाही. मला याचं थोडं वाईट वाटतं, कारण रस्त्यावरच्या सगळ्याच डिझेल बस काही लगेच जाणार नाहीत, पुढची बरीच वर्षं त्या चालणारच आहेत, आणि तेवढी वर्षं ते ७० मिली प्रत्येक थांब्याला जळत राहणार.

तुळजापूरच्या घाटाचं मात्र वेगळं आहे. उतारावर एनर्जी मिळते ती उंचीची. १५ टनांची बस १०० मीटर खाली उतरली तर जवळपास दीड कोटी जूल होतात, म्हणजे ४ युनिट. बसमधलं फ्लायव्हील एखाद-दुसऱ्या थांब्यापुरतंच बनवलेलं असतं, ते पहिल्या एक-दोन वळणांतच भरून जाईल आणि उरलेला घाट ब्रेकवर आणि इंजिनवरच उतरावा लागेल. तिथं मोठी बॅटरी असलेली इलेक्ट्रिक बसच जास्त कामाची, तिच्यात ४ युनिट सहज मावतात.

वळणाचं म्हणाल तर भीती चुकीची नाही. फिरता भोवरा कलता करायला गेलं की तो विरोध करतो, तसंच हे चाक करतं. म्हणून ते बसमध्ये आडवं ठेवतात, आस उभी. बस चौकात वळली तर ती त्या आसेभोवतीच वळते, चाकाला काही कळत पण नाही. खड्डा, स्पीडब्रेकर, चढ-उतार यात आस थोडी कलते, तेवढा जोर बेअरिंगवर येतो, आणि आपले रस्ते बघता तो रोज येईल हे डिझाइन करणाऱ्यानं धरूनच चालायला पाहिजे. फुटण्याचं असं की पोलादी चाक फुटलं तर मोठे तुकडे उडतात, ते थांबवायला चाकापेक्षा जड कवच लागू शकतं. कार्बन फायबरचं चाक बिघडलं तर त्याचा बहुतेक भुगा आणि दोरे होतात, ते डब्यातच घासून थांबवणं त्यामानानं सोपं जातं. वजनाशिवाय कार्बन वापरायचं हे पण एक मोठं कारण.

प्रश्न (इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा ग्रुप, सोलापूर): आम्हाला फ्लायव्हील हायब्रिडवर प्रोजेक्ट करायचाय. सायकलला किंवा बाइकला लावून दाखवायचा विचार आहे. बजेट कमी आहे. कुठून सुरू करू?

उत्तर: पोरांनो, विषय चांगला निवडलाय. पण गाडीला लावून पळवायची घाई करू नका, डेमोच्या दिवशी चाक फिरेल, फोटो येतील आणि किती वाचलं हे कुणालाच सांगता येणार नाही. असे प्रोजेक्ट दरवर्षी होतात.

माझं म्हणणं, दोन कामं करा. पहिलं टेबलावरचं. भंगार बाजारातून छोट्या प्रेसचं किंवा जुन्या इंजिनचं चाक आणा, आधी तडे तपासा, बॅलन्स करून घ्या, चांगल्या बेअरिंगवर बसवा, सगळ्या बाजूनं जाड पत्र्याचं गार्ड लावा आणि तुकडा उडू शकेल त्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही, सर सुद्धा. बिडाचं असेल तर ३० मीटरचा नियम वर दिलाय, तुम्ही त्याच्या निम्म्यातच राहा. मोटरनं वेग द्या, मोटर सोडवा आणि टॅकोमीटरनं दर दहा सेकंदाला फेरे लिहा, थांबेपर्यंत. त्या एका ग्राफमधून बेअरिंग किती खातं, हवा किती खाते हे वेगळं काढता येतं, जोरात फिरताना हवेचा वाटा मोठा, हळू झाल्यावर बेअरिंगचा. मग ग्रीस बदला, सील बदला, चाकावर गुळगुळीत झाकण बसवा, आणि पुन्हा तोच ग्राफ.

दुसरं काम रस्त्यावरचं आणि याला खर्च शून्य. मोबाइलमधलं जीपीएस दर सेकंदाला वेग नोंदवतं असं ॲप घ्या आणि सिटी बसमध्ये बसा, स्टेशन ते जुळे सोलापूर, स्टेशन ते एमआयडीसी, सकाळची गर्दी, दुपार, संध्याकाळ. प्रत्येक वेळी वेग उतरतो तेव्हा आधीच्या वेगाच्या वर्गातून नंतरच्या वेगाचा वर्ग वजा करा, निम्म्या वजनानं गुणा, आणि हवा-टायरचा वाटा त्यातून काढून टाका. जे उरेल ते त्या फेरीत ब्रेकमध्ये जळलेलं. जीपीएसचा वेग थोडा उड्या मारतो, आधी तो सरळ करून घ्या नाहीतर नसलेले ब्रेक दिसतील. याच डेटावरून दिसेल की एका ब्रेकला जास्तीत जास्त किती एनर्जी येते, म्हणजे चाक केवढं पाहिजे, आणि ते किती सेकंद सांभाळावं लागतं. ते सेकंद तुमच्या टेबलावरच्या ग्राफवर ठेवून बघा, सिग्नल सुटेपर्यंत चाकात किती उरतं ते तिथंच कळेल.

गणपतीत आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत रस्ते बंद असतात, रूट बदललेले असतात, तो डेटा वेगळा ठेवा. बस भरलेली होती की रिकामी हे प्रत्येक फेरीत लिहा, वजन त्यावर आहे. आकडे जमले की मला पाठवा, सोलापूरच्या बसचा ब्रेकचा खर्च याच पानावर छापू.